कार्ड भरून मिळेल

नाशिक रोडला एखादा मुलगा 'प्रेसमध्ये आहे' असं सांगितलं की पुढे काही विचारावं लागत नाही. प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे; इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. एकीकडे टपालाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट; दुसरीकडे १९२८ पासून नोटा. एके काळी लग्नाच्या बाजारात प्रेसमधल्या मुलाला बँकेतल्या मुलाइतकाच भाव होता. एकासारखी एक, हुबेहूब, लाखांनी नक्कल काढायची हे तिथलं काम. तीच नक्कल भिंतीबाहेर कोणी काढली तर तुरुंग.

तुरुंगही नाशिक रोडलाच आहे. तिथे कैदेत असताना १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा, किंवा ज्याला हक्क दिले असतील त्याचा ताबा राहतो. ती मुदत २०१० च्या अखेरीस संपली. तेव्हापासून 'श्यामची आई' कोणीही छापावं, कोणाला विचारायचं कारण नाही. आज दुकानात वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी उभ्या असतात. कुठे कागद पांढरा, कुठे वर्तमानपत्राचा, आणि मुखपृष्ठावरची आई दर ठिकाणी निराळ्या तोंडावळ्याची.

नोटेची नक्कल निघाली की खऱ्या नोटेची किंमत उतरते. 'श्यामची आई'च्या इतक्या नकला निघाल्या, त्यात त्या पुस्तकाचं काय गेलं? घराघरात आणखी एक पिढी रडली, इतकंच. कॉपीराइटचा कायदा वाचताना मला वाटत राहतं, की तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नोटांची प्रेस होती. पुस्तक आणि नोट या दोन्हींची नक्कल म्हणजे एकच गुन्हा, असं धरून सगळी इमारत उभी केली आहे. मी स्वतः लिहिते, माझं एक पुस्तक आहे, त्यावर मला मानधन मिळतं (किती, ते पुढे सांगते). त्यामुळे 'सगळं फुकट करा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण 'चोरी चोरी' म्हणून ओरडणाऱ्यांच्या रांगेतही मला उभं राहवत नाही, कारण त्या रांगेत पुढे कोण उभं आहे ते दिसतं.

नाशकातल्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास मोबाइलच्या दुकानांत पंधराएक वर्षांपूर्वी पुठ्ठ्याची पाटी असायची: 'कार्ड भरून मिळेल'. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची एसटी लागायला वेळ असला की लोक फोनमधून नखाएवढं मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवायचे. आतला पोरगा विचारायचा, "काय काय टाकू?" उत्तर बहुतेक वेळा एकच, "टाक सगळं." माझ्या ओळखीच्या एका दुकानात त्या सगळ्याचे फोल्डर केलेले होते. हिंदी नवी, हिंदी जुनी, भीमगीतं, लग्नाची, अहिराणी, कीर्तन. आणि तळाशी एक, नुसतं 'पावरी' नावाचं.

पावरी हे आपल्याकडच्या आदिवासी भागातलं भोपळ्याचं वाद्य. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रभर वाजतं. त्या फोल्डरमधली रेकॉर्डिंग कोणीतरी साध्या फोनवर, गर्दीत उभं राहून केलेली. मध्येच कुत्रं भुंकायचं, कोणी कोणाला हाक मारायचं. कुठल्याही कंपनीने ती कधी विकली नाहीत, विकायला घेतलीही नसती. ती कार्डावरून कार्डावर फिरली म्हणूनच गुजरातेत ऊस तोडायला गेलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचली. त्याच कार्डावर मुंबईच्या कंपन्यांची गाणी होती, तीही फुकट. दोन्ही एकाच भावात.

एके दिवशी धाड पडली. संगणक उचलून नेला, तो काही परत आला नाही. हिंदी गाणी जगात हजार ठिकाणी होती. पावरीचं फोल्डर गेलं ते गेलं.

कायद्यात याला सोय आहे. कलम ६३ प्रमाणे कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. कलम ६४ प्रमाणे फौजदाराला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं स्पष्ट केलं. म्हणजे ज्या वादात मुळात कोणाचे किती पैसे बुडाले हा दिवाणी हिशेब असायला हवा, तिथे काउंटरवरच्या पोराला आधी लॉकअप. कंपनीला वकील लावायचाही खर्च नाही. सरकारी गाडी येते, सरकारी इंधनावर.

झेरॉक्सवाल्यांचं नशीब त्या मानाने बरं. कॉलेज रोडला परीक्षेच्या आधी स्पायरलच्या चळती लागतात, त्यात नोट्स किती आणि पुस्तकांची प्रकरणं किती हे कोणी वेगळं करत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका झेरॉक्सच्या दुकानावर, रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर, २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी २०१६ मध्ये तो फेटाळला. शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्यातच मुभा आहे, आणि कॉपीराइट हा काही देवदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असं त्यांनी सांगितलं. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी संघटना काढून स्वतः त्या खटल्यात उडी घेतली होती. प्रकाशक अपिलात गेले, पण पुढच्या वर्षी त्यांनी दावाच मागे घेतला. कार्ड भरणाऱ्याच्या बाजूने कोणी संघटना काढली नाही, आणि हा फरक कायद्यातला नाही.

स्वीडनमध्ये निदान राजकारण झालं. २००६ मध्ये तिथे 'पायरेट पार्टी' नावाचा पक्षच निघाला आणि २००९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत त्याला ७ टक्क्यांच्या वर मतं पडली. आपल्याकडे कांद्यावर सरकारं हलतात. पुस्तक कितीला मिळतं, किती वर्षं अडवून ठेवता येतं यावर लासलगावच्या सभेत कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे हे सगळे निर्णय गुपचूप होतात आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला झुकतात.

त्या ६० वर्षांचंच घ्या. १९५७ च्या मूळ कायद्यात मृत्यूनंतरची मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. मुदत संपता संपता अध्यादेश निघाला, मग १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि सगळ्यांचीच मुदत १० वर्षांनी वाढली. एका कवीच्या संस्थेची अडचण होती. किंमत देशातल्या प्रत्येक भाषेने मोजली. 'श्यामची आई' २००१ मध्ये मोकळं झालं असतं, ते २०११ मध्ये झालं. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन २००७ ऐवजी २०१७ मध्ये. भगूरच्या सावरकरांचं २०१७ ऐवजी २०२७ मध्ये. आमच्या तात्यासाहेब शिरवाडकरांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या कविता मोकळ्या व्हायला २०६० साल उजाडेल. तोवर आज बालवाडीत असलेली मुलं चाळिशीला आलेली असतील.

मेलेल्या लेखकाला दहा वर्षं जास्त दिल्याने तो आणखी एखादी ओळ लिहितो का? हा प्रश्न संसदेत फार कोणाला पडला नसावा. अमेरिकेत तरी याहून वेगळं काय झालं? १९९८ मध्ये तिथे मुदत २० वर्षांनी वाढवली, तेव्हा डिस्नीचा मिकी माउस मोकळा व्हायच्या बेतात होता. तो शेवटी २०२४ च्या १ जानेवारीला मोकळा झाला, तोही पहिल्या चित्रपटातला, हातमोजे नसलेला.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर मुदतीचा प्रश्नही उरला नव्हता, तरी पुस्तक मिळत नव्हतं. महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून त्यांचं लेखन आणि भाषणं खंडांमध्ये छापायला घेतली. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची, येवल्याच्या १९३५ च्या घोषणेची ही भूमी. इथे त्या खंडांना मागणी नसती तरच नवल. पण खंड कायम 'शिल्लक नाही'. २०२१ मध्ये ही छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तोवर लोक काय करत होते? पीडीएफ. कोणीतरी स्कॅन केलेले खंड पेन ड्राइव्हवरून, मेलवरून, मग व्हॉट्सअॅपवरून वस्तीवस्तीत पोचले. नंतर परराष्ट्र मंत्रालयानेच ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले. नाशकात माझ्या माहितीतल्या एका वाचन गटाने सगळं वाचन त्या फायलींवर केलं. पानं मोबाइलवर मोठी करून, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सरकारी छापखान्याची वाट बघत बसले असते तर त्यातले निम्मे गट विरून गेले असते.

आता माझं पुस्तक. जुन्या नाशकातले वाडे, गोदेकाठच्या गल्ल्या, तिथली माणसं यांवरचे लेख. किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, मानधन छापील किमतीच्या १० टक्के. गुणाकार ज्याचा त्याने करावा. मराठीत हा करार वाईट नाही, बरेच जण काहीच देत नाहीत.

एके रात्री मावशीचा फोन आला. "अगं, काय सुंदर लिहिलंयस! मी एका बैठकीत वाचून काढलं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर पण टाकलंय."

"टाकलंय म्हणजे?"

"पीडीएफ गं. मला पण कोणीतरी पाठवली. तुझं पुस्तक बघ कसं फिरतंय!"

"मावशी, अगं ते विकत मिळतं."

"हो का? मग सांगायचंस ना. घेतलं असतं मी." जरा थांबून, "आता वाचून झालं."

तिच्या आवाजात खरा आनंद होता. भाचीचं नाव झालं. तिला मी चोर म्हणू? भिशीतल्या बारा बायकांपैकी किती जणींनी दुकानात जाऊन २५० रुपये मोजले असते? एखादीने, कदाचित. बाकीच्या अकरा जणींच्या हातात माझं लेखन एरवी पोचलंच नसतं. कंपन्या मात्र हिशेब असा मांडतात, की बारा प्रती फिरल्या म्हणजे बारा प्रतींचं नुकसान. पायरसीमुळे इतके हजार कोटी बुडाले असे जे आकडे येतात, त्यांच्या पोटात हाच गुणाकार असतो.

तरी ती फाइल उघडल्यावर मी चिडले, ते सांगायला हवं. मोबाइलवर अॅपने स्कॅन केलेली. डाव्या कोपऱ्यात दर काही पानांनी कोणाचा तरी अंगठा. मधलं एक पान तिरकं, त्याची शेवटची ओळ कापलेली. एका पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, म्हणजे प्रत रीतसर वर्गणी भरून आणलेली. कोणीतरी रात्र घालवून दीडेकशे पानं एकेक करून उलटली होती. इथवर मला राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. पण मुखपृष्ठ नव्हतं. लेखकाच्या नावाचं पान नव्हतं. आणि प्रत्येक पानाच्या मधोमध, वाड्याच्या वर्णनावर आडवं, फिकट अक्षरांत एका टेलिग्राम चॅनेलचं नाव: 'जॉइन करा'.

पैसे गेल्याचं दुःख साडेबारा हजारांच्या आतबाहेरचं. नाव गेल्याचं तसं मोजता येत नाही. कुसुमाग्रजांची 'कणा' ही बहुधा सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारी मराठी कविता असेल. कित्येकदा ती नावाशिवाय येते, आणि नको त्या भलत्याच कविता त्यांच्या नावाने येतात. गंमत म्हणजे कायद्यात यावर उपाय आहे. कलम ५७ प्रमाणे लेखकाचं नाव हा त्याचा वेगळा हक्क आहे, कॉपीराइट विकून टाकला तरी तो त्याच्याकडेच राहतो. पण त्यासाठी कधी कोणाचा संगणक उचलून नेल्याचं ऐकलंय? ज्या हक्कात कंपनीचा पैसा नाही, त्याच्यामागे पोलिसांची गाडी नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात घरोघर वर्तमानपत्र टाकायला बंदी आली, तेव्हापासून ही सवय पक्की झाली. सकाळी चहाच्या आत चार ग्रुपवर चार वर्तमानपत्रांच्या पीडीएफ. त्याच वर्षी मे महिन्यात 'दैनिक जागरण'च्या दाव्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशी चॅनेलं काढायला आणि ती चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. चॅनेलं गेली, दुसऱ्या नावाने आली. तेवढ्या काळात पेपर टाकणाऱ्या मुलांचं उत्पन्न बुडालं, त्याची याचिका कोणी केली नाही.

याच गावात दुसऱ्या एका वाटपाला सगळे टाळ्या वाजवतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना नाशकातून सुरू झाली. पुस्तकांची पेटी एका ठिकाणी जाते, वाचून झालं की दुसऱ्या पेटीशी अदलाबदल. घरांत, कार्यालयांत, तुरुंगात, थेट दुबईपर्यंत पेट्या गेल्या. सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासून हेच करतंय. एक प्रत विकत घ्यायची, शंभर जणांनी वाचायची, लेखकाला एका प्रतीचेच पैसे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने वाचनालयातून पुस्तक नेलं की लेखकाला सरकार थोडी रक्कम देतं; आपल्याकडे तसं काही नाही, आणि तरीही एकाही लेखकाने वाचनालयावर चोरीचा आळ घेतल्याचं मी ऐकलं नाही. उलट आपलं पुस्तक पेटीत गेलं की आम्ही लोकांना सांगत फिरतो.

पेटीतलं पुस्तक विकत घेतलेलं असतं, आणि विकत घेतलेली वस्तू कोणाला द्यावी हे घेणारा ठरवतो. ई-बुकाचं तसं नाही. किंडलवर पैसे मोजले तरी पुस्तक तुमचं होत नाही, वाचायची परवानगी मिळते. २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑरवेलची '१९८४' परस्पर काढून घेतली होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद केली. ते पुस्तक पेटीत घालता येत नाही, मावशीला देता येत नाही, मरताना मुलाच्या नावे ठेवता येत नाही. आजोबांनी लाकडी कपाट मागे ठेवलं, मी पासवर्ड ठेवणार, तोही नियमात बसत नाही. फायली वाटणाऱ्यांचा मला राग येतो तेव्हा हे आठवतं: वाचनालयाने जे दोनशे वर्षांच्या आसपास राजरोस केलं, ते नव्या वस्तूंच्या बाबतीत करायला कायद्याने जागाच ठेवली नाही.

निफाडचा एक ओळखीचा मुलगा, कृषी पदवीधर, घरची द्राक्षं. डावणी आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांवर नवीन काय संशोधन झालंय ते तो स्वतः वाचतो, औषधवाल्याच्या सल्ल्यावर सोडत नाही. एकेका शोधनिबंधाला तीस-चाळीस डॉलर मागतात. संशोधन सरकारी पैशावर, तपासणारे प्राध्यापक फुकट, आणि दार प्रकाशकाचं. तो साय-हबवरून उतरवायचा. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये सुरू केलेलं ते संकेतस्थळ दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे बंद झालं. सरकार म्हणेल, आम्ही 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलं ना. आणलं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं. पण ते सरकारी शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांसाठी. बागेत उभ्या असलेल्या माणसाचा लॉगिन नाही.

संकेतस्थळं बंद करायची पद्धतही बघण्यासारखी आहे. नवा चित्रपट येणार असला की निर्माते आधीच न्यायालयात जातात, अज्ञात प्रतिवादीविरुद्ध. कागदावर काहीतरी नाव हवं म्हणून आपल्या न्यायालयांत त्या अज्ञाताला 'अशोक कुमार' म्हणायची रीत पडली. बिचाऱ्या अशोक कुमारची बाजू मांडायला कोणी नसतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशांच्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह अडकलं आणि काही दिवस अख्ख्या देशात बंद पडलं. दोन हिंदी चित्रपटांच्या बंदोबस्तासाठी. आता तिथे काय आहे बघा: भारत सरकारच्याच डिजिटल लायब्ररीने स्कॅन केलेली लाखो पुस्तकं, कार्ल मालामुद यांनी चढवलेली, त्यात हजारो जुनी मराठी. पुढे मूळ सरकारी संकेतस्थळ बंद झालं. म्हणजे परदेशातल्या एका माणसाने नक्कल करून ठेवली नसती तर आपल्या पैशाने केलेलं स्कॅनिंग आपल्याच हातून गेलं असतं. माझ्या पुस्तकातले वाड्यांबद्दलचे निम्मे संदर्भ तिथले आहेत.

नक्कल न करण्याची किंमत नाशकाला वेगळी सांगायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशकातच त्यांनी हिंदुस्तान फिल्म कंपनीसाठी चित्रपटामागून चित्रपट काढले, आणि १९४४ मध्ये इथेच ओढगस्तीत गेले. त्यांच्या चित्रपटांपैकी आज काही मोजके तुकडे उरलेत. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून रिळं गोळा केली म्हणून तेवढे तरी. 'राजा हरिश्चंद्र'चे म्हणून जे दाखवतात ते १९१३ चे की १९१७ मध्ये फाळक्यांनीच पुन्हा केलेल्या चित्रपटाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी भलंमोठं स्मारक बांधलं, दाखवायला चित्रपट नाहीत. त्या काळी कोणी चोरून चार प्रती काढल्या असत्या, तर आज त्या चोराचा पुतळा उभारायला मी वर्गणी दिली असती.

याच जिल्ह्यात मालेगाव आहे. तिथल्या हौशी मंडळींनी २००० साली 'शोले'ची आपली आवृत्ती काढली, परवानगी कोणाची? त्या मंडळींवर पुढे माहितीपट झाला, मग मुंबईने त्यांच्यावर मोठा चित्रपटही काढला, रीतसर हक्क घेऊन.

आणि आता सगळ्यात मोठे नक्कल करणारे. अमेरिकेत लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर दावा केला. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी सांगितलं, की पुस्तकांवर यंत्राला शिकवणं वाजवी वापरात बसतं, पण लिबजेनसारख्या ठिकाणांहून लाखो चोरटी पुस्तकं उतरवून साठवणं नाही. कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली, सुमारे ५ लाख पुस्तकांसाठी, पुस्तकामागे साधारण ३ हजार डॉलर. बातमी वाचून इथल्या एका लेखक-मित्राचे डोळे चमकले. अट वाचली तेव्हा विझले: पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेलं हवं. मराठी लेखकाची तिथे नोंद कुठून असणार? कार्ड भरणारा पोरगा अजामीनपात्र, कंपनीला तडजोड, आणि आम्हाला तिन्ही बाजूंनी शून्य.

मला विचाराल तर हक्काची मुदत लेखकाच्या हयातीपुरती आणि वर थोडी असावी. बाजारात नसलेल्या पुस्तकाची नक्कल गुन्हा नसावी. आज वारस सापडत नाहीत असं जुनं पुस्तक पुन्हा छापायचं तर कलम ३१-अ प्रमाणे परवाना मागायला उच्च न्यायालयात जावं लागतं, कारण त्यासाठीचं मंडळ आधी दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन केलं आणि २०२१ मध्ये तेही बंद केलं. कोण जाईल? आणि हयात लेखकाचं नाव पुसणाऱ्याला दंड व्हावा, तोही घसघशीत.

संसद माझं ऐकणार नाही, म्हणून प्रकाशकांना सांगून बघितलं. लेखकाला फारसं माहीत नसतं, पण करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे हक्क फक्त ५ वर्षांपुरते दिलेले धरतात. म्हणूनच छापील करारात 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे शब्द आवर्जून असतात. नव्या पुस्तकाच्या करारात मी ते खोडायला सांगितले आणि एक ओळ घालायला लावली: प्रती संपल्यावर वर्षभरात नवी आवृत्ती काढली नाही तर हक्क माझ्याकडे परत येतील. मग मीच पीडीएफ मोकळी करीन, नावासकट. प्रकाशक हसले. "ताई, आधी पहिल्याची आवृत्ती तर संपू द्या." पण ओळ घातली, वर्षाचं दोन वर्षं करून.

त्या टेलिग्राम चॅनेलवाल्यालाही मी निरोप धाडला. तक्रार केली नाही. एवढंच लिहिलं, की फाइल ठेवायचीच असेल तर नावाचं पान आणि मुखपृष्ठ लाव, तुझा तो आडवा शिक्का काढ, आणि विकत कुठे मिळतं ते खाली लिही. दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही केलं. तिरकं पानही सरळ करून टाकलं होतं. खाली त्याचा निरोप: "सॉरी मॅडम. दुसरं पुस्तक कधी येतंय? तुमच्याकडची फाइल मिळाली तर बरं होईल, स्कॅन करायला फार वेळ जातो."